मनगटावरची तीन बोटं

६ फेब्रुवारी

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू काहीतरी विचारलंस आणि मी "हो हो" म्हणालो. खरं सांगू? समोरच्याचं ऐकू येतं, पण फोनवरचं मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. तुझी आई शेजारी बसून हसत होती. म्हणाली, "ठकू विचारत होती, मामा माझ्या गुडघ्यांचं नेमकं काय करतोय, आणि तू हो हो करून मोकळा झालास." म्हणून आता लिहूनच सांगतो. कागदावर मी बहिरा नाही.

ताई तुझ्या हॉस्पिटलात आली असती तर गुडघ्याचा फोटो निघाला असता, झीज मोजली असती, गोळी मिळाली असती. त्यात चूक काही नाही. पण माझ्याकडे आली तेव्हा गुडघ्याकडे मी सगळ्यात शेवटी पाहिलं. आधी विचारलं, झोप लागते का? ढगाळ हवेत जास्त दुखतं की कोरड्या? पाणी गार प्यावंसं वाटतं की कोमट? मग जीभ बघितली. कडेला दातांचे ठसे, वर पांढरा थर. मग ती छोटी उशी पुढे सरकवली, तिच्यावर मनगट ठेवायला सांगितलं आणि तीन बोटं टेकवली. आधी नुसता स्पर्श, मग जरा दाबून, मग अगदी हाडापर्यंत. आमचे चिनी गुरुजी म्हणायचे, नाडीच्या अठ्ठावीस जाती आहेत आणि पहिली ओळखायला तीन वर्षं लागतात. कुठली ताणलेल्या तारेसारखी, कुठली थाळीत मोती घरंगळल्यासारखी.

तुमच्याकडे रोगाला नाव मिळालं की औषध ठरतं. आम्ही माणसाचं हवामान बघतो. दोघांचे गुडघे सारखेच दुखत असले तरी एकाच्या अंगात ओल साठलेली असते आणि दुसऱ्याच्या अंगात कोरडा वारा, म्हणून औषधं दोन. ताईच्या अंगात ओल आहे. भाऊजी गेल्यापासून ती नीट रडलीही नाही, आणि आमच्या हिशेबात न रडलेलं दुःख फुप्फुसात बसतं. ऑक्टोबरपासून तिला एका मुळीचा काढा देतोय, साठलेलं पाणी उतरवणारी आहे. रोज सकाळी माझ्या औषधांच्या दुकानात येते, तिथेच पिते, तोंड वाकडं करते, मला दोन शिव्या देते आणि घरी जाते.

अक्षर लागत नसेल तर रागावू नकोस. पेन बिघडलंय.

तुझा मामा


१९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

"कागदावर मी बहिरा नाही" हे वाक्य मी आमच्या नर्सबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, या गृहस्थांना एकदा इकडे बोलवाच. अक्षराबद्दल मात्र बोलायलाच नको. तू आता आम्हा डॉक्टरांच्या पंक्तीत शोभशील. "जीभ" मी तीनदा "लाभ" वाचलं आणि आईला कडेला दात असलेला कसला लाभ झालाय ते मला कळेना.

आता भांडते. गेल्या आठवड्यात माझ्याकडे एक ट्रकचालक आला. परवाना नव्याने काढायचा होता, त्यासाठी तपासणी लागते म्हणून. झोप उत्तम, भूक उत्तम, समोर बसून मला विनोद सांगत होता. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन नऊ. किडनीने जो कचरा बाहेर टाकायचा तो रक्तात किती साठलाय, त्याचा हा आकडा. एकच्या आसपास हवा. म्हणजे या माणसाच्या दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या होत्या आणि त्याला पत्ता नव्हता. तू त्याला काय विचारणार होतास? पाणी गार आवडतं की कोमट? शरीर गप्प बसतं, मामा. किडनी तर सगळ्यात घुमी. तिला बोलतं करायला रक्तच काढावं लागतं.

हे खरं की तू आईला अर्धा तास देतोस आणि मी पेशंटला सात मिनिटं देते. बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात. त्या सात मिनिटांत मी किती वेळा माणसाकडे बघते आणि किती वेळा कॉम्प्युटरकडे, हे तू न विचारलेलं बरं.

पण माझं एक ऐक. आई फोनवर थकल्यासारखी वाटते. वाक्य अर्धवट सोडते. तिचं रक्त एकदा तपासून घे. तुझ्या अठ्ठावीस नाड्यांचा काही अपमान होणार नाही.

ठकू


११ मार्च

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. काढ्याचं भांडं उचलताना उजव्या हाताला थोडं भाजलं, पट्टी आहे. विशेष काही नाही.

तुझ्या हट्टाखातर ताई नाक्यावरच्या लॅबमध्ये रक्त देऊन आली. मी अडवलं नाही. कागदाचा फोटो काढून तुला पाठवलाय म्हणाली. तुझ्याकडून काही आलं नाही, म्हणजे ठीकच असणार. काही असतं तर तू आकाशपाताळ एक केलं असतंस.

तरी तिचं मन जेवणावर नाही हे मला दिसतंय. चेहरा फिकट झालाय. रात्रीतून तीन-चारदा उठावं लागतं म्हणते. नाडी खोल गेली आहे, अशक्त आहे. आम्ही याला किडनीचा अग्नी मंदावला म्हणू. आता तू किडनीची डॉक्टर, म्हणशील, मामा, किडनी माझी, तू तिच्यात बोलू नकोस. पण आमची किडनी तुझ्याहून जरा वेगळी. आमच्या लेखी माणूस जन्माला येताना जी ताकद घेऊन येतो ती तिथे राहते, आणि भीतीही तिथेच राहते. माणूस फार घाबरला की पाय लटपटतात आणि लघवी सुटते, ते उगाच नव्हे.

काढ्याची मात्रा थोडी वाढवली आहे. गुरुजींनी याच मुळीवर कितीतरी माणसं उभी केलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. काळजी करू नकोस. मी इथे आहे.

तुझा मामा


२ एप्रिल

प्रिय मामा,

घाईत लिहितेय. आमचे दोन डॉक्टर एकदम सोडून गेले, त्यांचे वॉर्डही माझ्याच गळ्यात आलेत. घरी फक्त झोपायला जाते. हाताचं कसं आहे? आईला म्हणावं, फोन उचलला नाही तर रुसू नकोस, मे संपेपर्यंत सगळं मार्गी लागेल. मग तिला इकडेच घेऊन येते महिनाभर. तू जवळ आहेस म्हणून मी निश्चिंत आहे.

ठकू


१४ जून

मामा,

आई ३० मे रोजी आली. स्टेशनवर मी तिला घ्यायला गेले आणि तिच्या बाजूने चालत पुढे गेले. ओळखलंच नाही. डब्यातून उतरून ती बाकावर बसली होती, उठवत नव्हतं. चेहऱ्याचा रंग जुन्या वर्तमानपत्रासारखा झाला होता. म्हणाली, "ठकू, जरा दमलेय गं."

क्रिएटिनिन अकरा. अंगात जेवढं रक्त हवं त्याच्या निम्मं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसलेल्या दिसल्या. बायोप्सी केली. तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली मी स्वतः पाहिला. व्रणांशिवाय तिथे काही उरलेलं नाही. सहा जूनपासून डायलिसिस सुरू आहे, आठवड्यातून तीनदा. या किडन्या परत येणार नाहीत.

तिच्या पिशवीत तुमच्या काढ्याच्या नऊ पुड्या होत्या. इथल्या विद्यापीठात वनस्पतींची प्रयोगशाळा आहे, तिथे पाठवल्या. उत्तर काल आलं. पुडीवर तुम्ही जी मुळी लिहिली आहे ती पुडीत नाही. तिच्यासारखी दिसणारी दुसरीच आहे. काप केले की दोन्ही सारख्या दिसतात. पहिलीने पाणी उतरतं. दुसरी काही महिन्यांत किडनी वाळवून टाकते. हे जगाला आज माहीत झालेलं नाही. माझ्या पाठ्यपुस्तकात यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

मी शाळेत असताना सुट्टीत तुमच्या दुकानात बसायचे. तुम्ही डोळे मिटून खण उघडायचात, मुळी चिमटीत चोळायचात आणि नाव सांगायचात. एकदाही चुकला नाहीत. मला वाटायचं, माझ्या मामासारखा माणूस जगात नाही. प्रत्येक पोतं स्वतः चोळून बघितल्याशिवाय खणात भरत नाही, असं तुम्हीच सांगायचात. मग हे पोतं कसं भरलंत?

आणि मार्चमध्ये तिच्या मनगटावर बोटं ठेवून तुम्हाला काय कळलं? नाडी खोल आहे, अशक्त आहे. आणि त्यावर तुम्ही मात्रा वाढवलीत.

उत्तराची अपेक्षा नाही. लिहायचंच असेल तर त्या पोत्यातली मुळी आणखी कोणाकोणाला दिलीत तेवढं लिहा.


२० जून

चि. ठकूस,

विचारलंस ते आधी. एक्केचाळीस माणसं. नावं, पत्ते आणि कोणी किती दिवस घेतलं ते वेगळ्या कागदावर जोडलंय. सगळ्यात जास्त ताईने घेतलं. तिच्याखालोखाल आमच्या गल्लीतला शिंपी, सात महिने.

आता दुसरं. पोतं मी चोळून बघितलं होतं. खरी मुळी पिठासारखी मऊ लागते, दुसरीचे धागे बोटाला टोचतात. मला मऊही लागली नाही आणि टोचलंही नाही. काहीच लागलं नाही. डोळ्यांना बरी दिसली, म्हणून भरली.

माझी बोटं गेली आहेत, ठकू. दोन वर्षं होत आली. आधी पायाला मुंग्या यायच्या, त्या मी थंडीवर ढकलल्या. मग सदऱ्याची बटणं चुकायला लागली. मग एक दिवस पेशंटच्या मनगटावर बोटं ठेवली आणि नाडी दूर गेल्यासारखी वाटली, शेजारच्या खोलीत कोणी बोलत असावं तशी. मग त्या खोलीतलंही बोलणं थांबलं. पेन बिघडलं नव्हतं. पेन हातात आहे की नाही हे मला बघून ठरवावं लागतं.

तरी मी दुकान चालवत राहिलो. माणूस दारातून कसा आत येतो, खुर्चीत कसा बसतो, आवाज कुठून काढतो, यावरून अंदाज बांधायचो, आणि बोटं नुसती मनगटावर ठेवून द्यायचो. चाळीस वर्षांची सवय. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघायचा. तेच वाईट झालं. दहापैकी पाच वेळा चुकलो असतो तर वेळीच थांबलो असतो. मार्चमध्ये तुला नाडी खोल आहे असं लिहिलं. ते मी तिचा चेहरा बघून लिहिलं होतं.

साधी साखर तपासली असती तर बोटांचं कारण कळलं असतं, हे मला न कळण्याइतका मी अडाणी नाही. पण तपासलं की ते खरं होणार होतं. बोटं गेलेला नाडीवैद्य म्हणजे कोण? मी घाबरलो. बस, एवढंच. याहून मोठं कारण शोधलं, पण सापडलं नाही.

दुकान बंद केलंय. उरलेलं पोतं औषध खात्याच्या कचेरीत नेऊन दिलं आणि सगळं लिहून सही केली. तिथल्या बाईंनी विचारलं, "आजोबा, तुमच्याबरोबर कोणी जबाबदार माणूस आलंय का?" म्हटलं, मीच.

एक्केचाळीसपैकी एकोणीस घरी जाऊन आलो. दारात उभं राहायचं आणि सांगायचं, मी तुम्हाला चुकीचं औषध दिलं, उद्याच्या उद्या रक्त तपासून घ्या. यादीतल्या एका गाणं शिकवणाऱ्या बाईंनी मला पाणी दिलं आणि मग त्याच रडायला लागल्या. शिंप्याने ऐकून घेतलं आणि दार लावलं. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्याने उघडलं नाही. रोज जाईन.

तू मला "तुम्ही" लिहिलंस. तसंच राहू दे.

मामा


३ जुलै

बाळ्यास,

ठकूने तुझं पत्र मला दाखवलं नाही. तिच्या पर्समधून काढून वाचलं. ती डॉक्टर असली तरी मी तिची आई आहे.

गळ्याशी नळी लावली आहे, फार हलता येत नाही, म्हणून मांडीवर कागद ठेवून लिहितेय. चार तास नुसतं पडून राहायचं असतं. माझं रक्त नळीतून बाहेर जातं, यंत्रात फिरतं आणि परत येतं. परत येताना गार असतं. हे मी इथे कोणाला सांगितलं तर ते म्हणतात, तपमान बरोबर लावलंय. तू असतास तर विचारलं असतंस, कुठे गार लागतं, ताई?

आता नीट ऐक. तुझ्या बोटांचं मला माहीत होतं. तू बटणं वरखाली लावून यायला लागलास तेव्हाच शंका आली. आणि मार्चमध्ये तू ते उकळतं भांडं फडक्याशिवाय धरलंस आणि माझ्याशी बोलत उभा राहिलास. वास मला आधी आला. मी ओरडले तेव्हा तू भांडं सोडलंस, आणि नंतर म्हणालास, "थोडं चटका बसल्यासारखं झालं." पंचाहत्तर वर्षांची झाले, तुझं खोटं मला तू पाळण्यात असल्यापासून ओळखू येतं.

मग गेले का नाही डॉक्टरकडे? प्यायचं का नाही थांबवलं? मी थांबले असते तर का थांबले ते सांगावं लागलं असतं. आणि खरं कारण याहूनही लहान आहे. हे गेल्यावर मला दिवसभरात कोणी काही विचारत नव्हतं. तू रोज सकाळी विचारायचास, झोप लागली का, काल काय जेवलीस, स्वप्न पडलं का. खोटी का होईना, अर्धा तास बोटं धरून ठेवायचास. त्या अर्ध्या तासासाठी मी ते कडू पाणी प्यायले. गुडघे त्याने एक दिवसही थांबले नव्हते.

मुळी बदललीय हे मात्र मला माहीत नव्हतं. तुलाही नव्हतं. तेव्हा पुरे आता.

हे ठकूला लिहू नकोस. फोन उचलला नाही म्हणून ती आधीच स्वतःला खातेय.

औषध घे. साखरेचं. माझी शपथ आहे.

ताई


२५ सप्टेंबर

प्रिय मामा,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. पहिल्या दोनदा "तुम्ही" लिहिलं होतं. ते चालवून बघितलं, जमत नाही.

जूनमध्ये मी तुला पत्र लिहिलं तेव्हा एक गोष्ट लिहिली नव्हती. नाक्यावरच्या लॅबचा कागद. आईने तो ७ मार्चला माझ्या फोनवर पाठवला होता, खाली लिहिलं होतं, "वेळ झाला की बघ." मी राउंडवर होते. नंतर बघू म्हटलं आणि वर दुसरे शंभर निरोप येऊन पडले. मी तो १ जूनला उघडला. क्रिएटिनिन दोन पूर्णांक एक. दुसऱ्या कोणाच्या आईचा असता तर त्याच दुपारी फोन केला असता, सगळ्या गोळ्या आणि काढे बंद करा म्हणून. तेव्हा बंद झालं असतं तर कदाचित अर्धी किडनी राहिली असती. कदाचित नसतीही. या आजारात औषध थांबल्यावरही व्रण वाढतच जातात. या "कदाचित"वर मी तीन महिने झोपतेय आणि उठतेय.

तुला वाटलं, ठकू गप्प आहे म्हणजे ठीक असणार. मला वाटलं, मामा आहे ना तिथे.

म्हणून तुला माफ केलं असं समजू नकोस. तसं लिहिता येत नाही. माझा राग संपलेला नाही, फक्त तो आता दोन ठिकाणी जातो.

आई सोडून तुझ्या यादीतल्या चाळीसपैकी अडतीस जणांच्या तपासण्या झाल्या. तेहतीस जण ठीक आहेत. चौघांना थोडा त्रास आहे, औषधावर राहतील. शिंपी शेवटी आला. तू रोज सकाळी त्याच्या दारात उभा राहायचास, शेजारी विचारायला लागले म्हणून आलो, असं म्हणाला. त्याची एक तृतीयांश किडनी शिल्लक आहे. तुझ्याबद्दल त्याने जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही. पण तो आला.

आता आईचं. डायलिसिसच्या नळीला दोनदा जंतुसंसर्ग झाला. हृदय थकलंय. परवा मशीनवरून उतरवल्यावर ती मला म्हणाली, "ठकू, पुरे आता." मी म्हटलं, दोन आठवडे अजून बघू. ती म्हणाली, "तू दुसऱ्यांच्या घरच्यांना काय सांगतेस अशा वेळी?" मी दुसऱ्यांना फार छान सांगते, मामा. खुर्ची जवळ ओढून, शांतपणे, डोळ्यांत बघून. त्यातलं एकही वाक्य मला आठवेना.

तिने कागदावर सही केली आहे. शेवटचं डायलिसिस २८ तारखेला. त्यानंतर साधारण आठवडा, दहा दिवस.

ती तुला बोलावतेय. ये.

ठकू


९ नोव्हेंबर

प्रिय मामा,

महिना झाला. तेव्हा तू इथे होतास आणि आपण जेवणाखाण्याशिवाय, कागदपत्रांशिवाय काही बोललो नाही. तुला गाडीत बसवलं तेव्हाही मी फक्त गोळ्यांच्या वेळा सांगितल्या.

आता विचारते. त्या दिवशी अकराच्या सुमारास मला खालच्या वॉर्डातून बोलावणं आलं आणि मी गेले. दहा मिनिटांत येते म्हणाले होते, पाऊण तास लागला. परत आले तेव्हा सगळं झालं होतं. दाखल्यावर अकरा चाळीस लिहिलंय. मी रोज दाखल्यांवर वेळ लिहिते, त्यामुळे मला माहीत आहे की ती वेळ म्हणजे कोणीतरी घड्याळाकडे पाहिल्याची असते.

मी नव्हते तेव्हा काय झालं? ती काही बोलली का? तिला त्रास झाला का? माझं नाव घेतलं का? आणि खरंच किती वाजता?

सगळं लिही. बरं वाटावं म्हणून काही घालू नकोस.

ठकू


१६ नोव्हेंबर

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. गोळ्या वेळेवर घेतो. साखर उतरली आहे. बोटं आहेत तशीच आहेत.

घालत काही नाही. जसं झालं तसं लिहितो.

तू गेल्यावर ती म्हणाली, दार लोटू नकोस, उघडं राहू दे. मग खिडकी लावायला सांगितली, मी लावली. थोड्या वेळाने म्हणाली, उघड. उघडली. मी म्हटलं, "ताई, एकदा ठरव काय ते." तेव्हा ती हसली. यंत्रं आणि तारा तिने आदल्या दिवशीच काढायला लावल्या होत्या, त्यामुळे खोलीत कसला आवाज नव्हता. खाली अंगणात कोणीतरी लोखंडी खाटा ओढत होतं, तेवढाच.

तुझं नाव घेतलं नाही. घेतलं असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण तू विचारलं आहेस आणि मी आता तसलं लिहिणं सोडलंय. माझंही नाव घेतलं नाही, आणि भाऊजींचंही.

तिने विचारलं, खणांच्या कपाटाचं काय केलंस? म्हटलं, एका सुताराने नेलं, खिळे ठेवायला. म्हणाली, चांगलं झालं, खिळ्यांनी कोणी मरत नाही. मग तिनेच पांघरुणाखालून हात काढला, माझ्यापुढे मनगट उलटं करून ठेवलं, दुकानात रोज ठेवायची तसं. म्हणाली, "बघ, काय म्हणतेय."

मी तीन बोटं ठेवली. हलकी, मग दाबून, मग हाडापर्यंत. म्हटलं, "ताई, मला काही लागत नाही गं." हे मी तिच्या तोंडावर पहिल्यांदाच बोललो.

ती म्हणाली, "माहीत आहे. असू दे. हात काढू नकोस."

मग डोळे मिटून म्हणाली, काहीतरी सांग. मी तिला आम्ही लहान असतानाचं सांगायला लागलो. आमच्या वडिलांची सायकल आम्ही दोघांनी न विचारता नेली होती आणि ती चिखलात रुतली, तेव्हाचं. मी सावकाश सांगत होतो. मध्ये एकदा तिचा श्वास मोठ्याने आला, मला वाटलं हसली. त्रास झाला का, याचं उत्तर एवढंच देता येतं की चेहऱ्यावर नव्हता. मी सांगत राहिलो. सायकल घरी कशी आणली, चाक कसं धुतलं, मार मला बसला आणि रडली ती, हे सगळं.

नर्सबाई आत आल्या. त्यांनी तिच्या मानेला हात लावला, घड्याळ बघितलं आणि मला विचारलं, "आजोबा, केव्हा?"

मी म्हटलं, "काय केव्हा?"

त्या म्हणाल्या, "अहो, हात गार पडलाय त्यांचा."

तेव्हा मी खाली पाहिलं. माझी बोटं नाडीवरच होती, बरोबर जागेवर, जराही हललेली नव्हती. म्हणून खरी वेळ मला सांगता येत नाही, ठकू. सायकलची गोष्ट चालू असताना केव्हातरी.

तुझा मामा